उपरण्याखालचा हात

पोरानं बापाला फसवलं. रजा संपली म्हणून बापाच्या पाया पडून निघाला, आणि चौकीवरची बंदूक टाकून सीमेपलीकडे शत्रूला जाऊन मिळाला.

बाप आणे पठारावरचा. बेल्ह्याच्या बाजारात बैल विकायला येतो. आमच्यात बैलाचा भाव तोंडानं ठरत नाही. उपरण्याखाली हात धरून, बोटं दाबून ठरतो. मी भांडून घेणारा व्यापारी, पण म्हातारा माझी बोटं घट्ट धरायचा आणि हसत म्हणायचा, "सोडत न्हाई, राव." त्याच्यापुढं मी कितीदा हरलो.

पोराची बातमी आल्यापासून त्याच्या उपरण्याखाली कुणी हात घालत नाही. परवा मी घातला. त्यानं झटकन हात मागं घेतला.

"नका राव. लोक बघत्यात. तुमाला बी बोल लागंल."

"बाबा, भाव सांगा."

"तुमी म्हनाल त्यो."

तो भांडेल म्हणून मी मुद्दाम भाव पाडून सांगितला. त्यानं मुकाट्यानं कासरा माझ्या हातात दिला.

पोरा, तिकडं तुला काय मिळालं, ते मी विचारत नाही. माझ्याशी भावासाठी भांडणारा तुझा बाप तू संपवलास. त्याचा जाब इथं, भर बाजारात येऊन दे.