मी न केलेला नवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. मी मध्येच इकडचं तिकडचं बोलायला लागलो, तर ओळखा की मुद्दा जवळ आलाय — मला ती खोडच आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. नाशकात द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बुकिंग बघायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको कळवणची, सुलभा तिचं नाव. द्राक्षांच्या सीझनला पिंपळगावहून मुंबईला गाड्या सुटायच्या, आणि कधीकधी मालाबरोबर मलाही जावं लागायचं. एकदा परतताना ड्रायव्हरने हायवेच्या कडेला, धंद्याच्या बायकांच्या एका घरापाशी गाडी लावली. "चला साहेब," म्हणाला. आणि साहेब गेले. कुणी हात धरून ओढलं नव्हतं, बरं का.

आत काय झालं? खरं सांगू — काहीच नाही. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिथल्या एका बाईने जवळ घेतलं, ओठांना ओठ लागले, माझा हात तिच्या अंगावरून फिरला — आणि माझी पाचावर धारण बसली. शर्टाचं एक बटणही न काढता मी बाहेर पळालो. ती मागून हसली. ड्रायव्हर तर घाट चढून होईपर्यंत हसत होता.

पण माझ्या बोटाला खरचटलेलं होतं. द्राक्षाच्या खोक्याचा खिळा लागला होता. घरी हात धुताना ते दिसलं आणि मी तो हात साबणाने परत परत धुतला.

ते दिवस आठवा. एड्स हा शब्द लोक आवाज खाली करून बोलायचे. एसटी स्टँडच्या भिंतीवर पाटी होती — हात मिळवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही. मी ती सगळी वाचायचो आणि मनात म्हणायचो, हो, पण यात खरचटलेल्या बोटाचं कुठे लिहिलंय? आरशात जीभ बघायचो. गळ्याखाली गाठी चाचपायचो. नाशिक रोड स्टेशनवर वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. काळजीने घास उतरत नव्हता, म्हणून वजन उतरायचं, आणि वजन उतरलं म्हणून आणखी काळजी. एकदा भविष्यात आलं, 'लवकरच लांबचा प्रवास घडेल.' मी प्लॅटफॉर्मवर मटकन खालीच बसलो. आज हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

मग तपासून का नाही घेतलं? विचाराल तुम्ही. लॅबच्या दारापर्यंत जायचो हो. पण आत ओळखीचं कुणी भेटलं तर? आणि 'आहे' असंच निघालं तर? दारातूनच परत फिरायचो, आणि येताना घरी भाजी घेऊन यायचो.

आणि सुलभा? तिच्याजवळ जायची माझी हिंमत नव्हती. मी स्वतःला सांगायचो, तिला वाचवतोय. पण वाचवायचंच होतं तर तिला सांगायला नको होतं का?

त्याच सुमारास सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. कळवणला जाऊन त्यांना बघून आलो. उजवी बाजू पार गेलेली. घरी आल्यावर सुलभा रडत बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — बघा, 'निघून गेलं' म्हणतोय. निघून नाही गेलं. मी बोललो. म्हणालो, "मी गडावरच्या देवीला नवस बोललोय. तुझे वडील चालायला लागेपर्यंत ब्रह्मचर्य पाळीन. कुणाला सांगू नकोस हं. नवस चारचौघांत सांगितला की फळत नाही."

असा कुठलाही नवस मी बोललेलो नव्हतो.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की आजवर कुणी मला तसं बघितलेलं नाही. मला लाज वाटली? नाही हो. हायसं वाटलं.

पुढे काय व्हावं? सासरे सुधारायला लागले! सुलभा दर आठवड्याला कळवणची खबर आनंदाने सांगायची, आज हात हलला, आज उठून बसले. आणि मी घाबरायचो. वर्षभरात ते काठी टेकत अंगणात फिरायला लागले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड लाजेनं लाल झालेलं. मी म्हणालो, "काठीशिवाय, असं बोललोय मी." ती लगेच मान हलवून आत गेली. त्यानंतर कळवणला गेलो की माझी नजर त्या काठीवर. म्हाताऱ्याच्या हातातून ती सुटू नये असं मला वाटायचं. ज्या माणसाने मला मुलगी दिली, तो लंगडाच राहावा असं मी मनापासून मागत होतो.

इकडे माझी आई सुलभाच्या हात धुवून मागे लागली होती. घरात पाळणा हलेना ना! "लय दिवस झाले, आता दाखवून आणू हिला," म्हणून ती तिला एका बाईडॉक्टरकडे घेऊन गेली. सुलभाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. अंगाला कुणीकुणी हात लावला, काय काय विचारलं. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती तिला — नवरा जवळच येत नाही. ती बोलली नाही. माझा नवस मोडू नये म्हणून.

माझ्या बहिणीचं डोहाळजेवण घरीच होतं. ओटी भरायच्या वेळी आई सुलभाला म्हणाली, "तू आत पोळ्यांकडे बघ." बाहेर बायका गाणी म्हणत होत्या आणि ती आत पोळ्या लाटत होती. मी पाणी प्यायला आत गेलो. ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात रागाचा लवलेश नव्हता, उलट मलाच धीर देत होती. मी पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन बसलो.

शेवटी कधीतरी तापाने पडलो आणि घाबरून डॉक्टरला त्या घराचं तेवढं सांगितलं, नवसाचं नाही. तो म्हणाला, "अहो, एवढ्याने नाही होत. मनाच्या समाधानासाठी तपासू फार तर." मग विचारलं, "घरी मिसेसना सांगितलंय ना?" मी हो म्हणालो. रिपोर्टात काही निघालं नाही. निघणार काय होतं?

पण सासऱ्यांची काठी काही सुटली नव्हती. मग मी सांगितलं, देवी स्वप्नात आली, पुरे म्हणाली. हेही तिने मानलं. आम्ही गडावर जाऊन नवस फेडला. पुढे आम्हाला मुलगी झाली. सासरे जाईपर्यंत, जो भेटेल त्याला माझे गुण सांगायचे.

आता ती मुलगी सासरी असते. परवा आली ती रडवेली होऊन. कितीतरी महिने नवरा जवळ येत नाही, कारण सांगत नाही, आणि सासू हिलाच बोलते. मी बाहेरच्या खोलीत होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. सुलभा तिला म्हणाली, "त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असेल गं. खोदून विचारू नकोस, कुणाला बोलू नकोस. मी नाही का राहिले?" आणि माझा नवस तिने पहिल्यांदाच लेकीला सांगितला. केवढ्या अभिमानाने!

आईचं ऐकून ती दुसऱ्या दिवशी सासरी परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो, तिला खिडकीची जागा धरून दिली.