लंगड्या घोडीचा धडा

मी मथुरा. ही गोठ, म्हणजे गोष्ट, माझ्या धाकट्या भावाची, तेजरामची. त्या साली दिवाळी झाल्यावर मी पहिल्या बाळंतपणाले माहेरी, भिलाईले आली होती, म्हणून सगळं डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, चल, काहीही फेकून राहिला!

आमचं क्वार्टर मरोद्याकडं. बाबाचं नाव शालिकराम, प्लांटात खलाशी. म्हणजे साखळदंड बांधून लोखंडाचे मोठाले गर्डर वर चढवणारा. एकसष्ट सालची गोठ आहे, बांधकाम तवा सुरूच होतं, अन बाबाच्या कपड्यातली लाल धूळ धुऊन धुऊन मायचे हात सोलून निघत. तेजराम दुर्गच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला तोच पहिला. सकाळी सायकल हाणत जाये अन अंधार पडता पडता घरी येये.

अन आमच्या घरी अभ्यास म्हणजे आवाज! बाबा साकोलीकडच्या गावात दोन सालं शाळेत गेले होते. तिथं गुरुजी पाढे ओरडून म्हणवून घेत. तवापासून बाबाच्या डोक्यात पक्कं बसलं, की ऐकू येत नाही ते शिक्षण नाही. ड्यूटीवरून आले, चहा घेतला, आंगणातल्या खाटेवर पडले की एकच हाक, "तेज्या, लाव!" पोट्टा आहे का रेडिओ, सांगा बरं? तो वाचता वाचता जरा थांबला की लगेच, "झोपला का बे?"

कॉलेजातली पुस्तकं सारी इंग्रजी. घरात ते कोणालेच समजत नव्हतं. बाबाले नाही, मायले नाही, मले तर चौथीतूनच काढलेलं, घरकामाले माणूस पाहिजे म्हणून. आम्ही नुसता आवाज ऐकत होतो, अन त्यावरूनच ठरवत होतो की पोट्टा हुशार होऊन राहिला.

आता मी दिवसभर घरात बसून, पोट घेऊन. कान मोकळेच. माझ्या ध्यानात आलं की तेज्याचे आवाज दोन आहेत. एक केमिस्ट्रीचा. तो सुरू झाला की चक्कीची घरघर, सुरुवात कुठं अन शेवट कुठं काही पत्ता नाही. अन मधातच दुसरा सुरू होये. हळू होये, थांबे, एकदम वर चढे. मायचा हात कणकेत तसाच राहून जाये. बाबा खाटेवर उठून बसत अन म्हणत, "हा धडा बेस आहे. हाच वाच."

एका संध्याकाळी बाबानं इचारलं, "काय आहे बे त्याच्यात?"

तेज्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. "ते... बर्फाचा मुलूख आहे, बाबा. एक म्हातारा आहे. त्याची घोडी लंगडी झाली, तर तिले बाजारात इकाले घेऊन चालला."

"केमिस्ट्रीत घोडी कुठून आली?" मी बोलली.

"इंग्रजीचा धडा आहे, बाई," तो माझ्याकडं न पाहता बोलला. मले तो बाईच म्हणे. इंग्रजी बी विषय होता त्याले. पण मनात आलंच, एवढा लांबलचक धडा? आठवडा झाला, बाजार काही येऊन नाही राहिला!

बाबाले मात्र ती घोडी लागली. भिलाईले येताना त्यांनी आपली बैलजोडी इकली होती. त्याबद्दल घरात कधी तोंड उघडलं नाही. पण आता रोज चपला काढता काढता इचारत, "इकली का रे त्यानं?"

"नाही अजून."

"नको इकू म्हणा त्याले. लंगडी झाली तर काय झालं?" जसा काही तो म्हातारा आमच्या मागच्या क्वार्टरांच्या लाइनीत राहत होता.

अन इकडं कॉलेजची चाचणी परीक्षा आली. त्यात जो नापास त्याले वार्षिकले बसाले मिळत नव्हतं. बाबानं आधीच सांगून ठेवलं होतं, "नापास झाला तर कॉलेज बंद. खलाशाच्या भरतीत नाव देतो." ती काही धमकी नव्हती. फोरमननं खरोखरच सांगितलं होतं, पोरगा असेल तर पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनवारपर्यंत नाव दे. पक्की नोकरी, क्वार्टर, दवाखाना. बाबाले त्यात वाईट काय दिसणार?

एका दुपारी कॉलेजले सुट्टी होती. तेज्या माझ्याजवळ येऊन बसला. "बाई, केमिस्ट्री उघडली की मले घोडी आठवते. घोडी उघडली की केमिस्ट्री आठवते. मले काय पाहिजे तेच समजून नाही राहिलं."

माझं टकुरंच फिरलं. "तुले समजून नाही राहिलं? मले शाळेतून काढलं तवा कोणी इचारलं होतं, की मथुरा, तुले काय पाहिजे? मी भांडी घासली म्हणून तू कॉलेजात जाऊन राहिला! गुमान वाच!"

बिचारा उठला. संध्याकाळी घरघर सुरू केली. पाच मिनिटं झाली नसतील, तर आंगणातून बाबा, "घोडी कुठं गेली बे?"

"बाबा, परीक्षा आहे परवापासून."

"मंग तेच तर वाच ना, परीक्षेत येईन ते!"

धडा आहे म्हणून त्यानंच सांगितलेलं. पोट्ट्यानं केमिस्ट्री मिटली अन घोडी उघडली. आतला सारा घोटाळा मले नंतर समजला, तवा मी कपाळावर हात मारून घेतला. पोरगा बापाले भिऊन गोठ वाचते, अन बाप अभ्यास समजून ऐकते!

परीक्षा झाली. निकाल लागाचा होता. त्याच हप्त्यात शेजारचे बाबाराव आले आमच्याकडं, नेलेली शिडी परत द्याले. ते प्लांटच्या हापिसात बाबू, अमरावतीकडचे, शिकलेले. बाबाले तर हुरूपच आला. "बसा बाबूजी, आमच्या पोट्ट्याचा धडा ऐका. तेज्या, लाव तो बर्फातला."

तेज्याचा चेहरा पांढराफटक. पण बाबा म्हणते म्हटल्यावर वाचला. बाबाराव जराशानं हसाले लागले. "शालिकराम, हा कोणत्या कोर्समधला धडा? ही तर कादंबरी आहे. रशियनवरून इंग्रजीत आणलेली. असली पुस्तकं स्वस्तात मिळतात आता."

त्यांनी काही वाईट मनानं म्हटलं नाही. चहा प्याले अन गेले. मागं आम्ही चौघं राहिलो.

"कोर्सात नाही?" बाबानं इचारलं.

"नाही."

"परीक्षेत यातलं काही आलं?"

"नाही, बाबा."

"मंग मी रोज काय ऐकून राहिलो होतो?"

तेज्यानं पुस्तक मिटून खाटेवर ठेवलं. बाबा चिडले असते, दोन थापडा दिल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं. ते नुसते पाहत राहिले, कधी पोराकडं, कधी पुस्तकाकडं. मले तेज्याचा असा राग आला, अन त्याची कीव बी तेवढीच आली. कोणाची बाजू घ्यावी तेच समजेना.

शुक्रवारी निकाल लागला. केमिस्ट्रीत नापास, इंग्रजीत वर्गात पहिला. केमिस्ट्रीची परीक्षा बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळाच्या, सुट्टीआधी पुन्हा घेणार होते. पण ते इचारते कोण? शनवारी सकाळीच बाबानं धुतलेला सदरा घातला. फोरमनच्या घरी निघाले हे मायनं ओळखलं अन ती चुलीकडं तोंड करून बसली. तेज्या दारात उभा. बाबानं एका पायात चप्पल घातली अन तसेच थांबले.

"तुले खलाशी व्हाचं आहे का?"

"नाही."

"केमिस्ट्री शिकाची आहे?"

"माहीत नाही."

"मंग काय कराचं आहे?"

"खरं सांगतो बाबा, मले काहीच माहीत नाही." अन ढसाढसा रडाले लागला. एवढा मिसरूड फुटलेला पोट्टा!

मले वाटलं, आता पडते थापड. पण बाबा खाटेवर बसले, एका चपलेनिशी. मंग बोलले, "मले बी नव्हतं माहीत. भरतीची गाडी आली गावात, सारे चढले, मी बी चढलो. बैल इकले तवा बी समजत नव्हतं, बरोबर करून राहिलो का चूक. मले कोणी इचारलंच नाही." त्यांनी ती चप्पल काढून ठेवली. "नाव नाही देत. पुन्हा बस परीक्षेले. पण आजपासून मनातल्या मनात वाच."

"मनातल्या मनात?" माय वळून बोलली. "मंग पोट्टा वाचून राहिला का झोपला, समजंन कसं?"

"नाही समजलं तरी चालते. पण मले ऐकू आलं तर मी घोडीच मागीन. अन हा मले नाही म्हणणार नाही."

त्या संध्याकाळी आमच्या घरात आवाजच नव्हता. तेज्या आत केमिस्ट्री घेऊन बसला, ओठ बी न हलवता. थंडी पडली होती, तरी बाबा आंगणातच. खाटेवर पडले, उठले, फाटकापर्यंत जाऊन आले, पुन्हा पडले. मी दाराशी बसली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन हळूच म्हटलं, "मथुरा, तूच काही बोल ना."

जलमात पहिल्यांदा बाबानं मले बोल म्हटलं, अन मले काय बोलावं तेच सुचेना.