थिअरीची एकच जागा

फिजिक्सच्या एमएस्सीला दुसऱ्या वर्षी संशोधनाचा विषय निवडायचा होता आणि मी तो माझ्या मैत्रिणीकडे बघून निवडला. लोक असलं काही कबूल करत नाहीत. मी करते, कारण त्याला आता चार-पाच वर्षं झाली तरी पोटातलं दुखणं पुरतं गेलेलं नाही.

ती बोरीवलीची. आईवडील दोघंही शिक्षक, घरात पुस्तकांची कपाटं. सर फळ्यावर गणित मांडताना अडले की ही जागेवरूनच पुढची ओळ सांगायची. मी घाटकोपरची, असल्फ्याच्या चढावरची. बाबांचा साकीनाक्याला गाळा, त्यात लोखंडाचे भाग कातायची दोन लेथ मशीन. लहानपणी शाळा सुटली की मी तिथेच एका स्टुलावर बसून असायचे. तुकडा मशीनवरून उतरला की बाबा माप घेण्याआधी त्यावर हलकेच नख फिरवायचे. नख कुठे अडलं नाही तर काम पास. डोळा फसतो, नख फसत नाही, हे त्यांनी मला पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं.

त्यामुळे प्रॅक्टिकलमध्ये माझा हात धरणारं कोणी नव्हतं. व्हॅक्यूमची नळी कुठेतरी गळतेय आणि सगळे हैराण झालेत, की मला बोलावणं यायचं. मी सांधे चाचपायचे, पाना मागायचे, आणि थोड्या वेळात दाबाचा काटा खाली यायचा. मला ते मनापासून आवडायचं. पण आमच्याकडे एक उतरंड होती, कुठेही न लिहिलेली. थिअरीवाले हुशार, लॅबवाले कष्टाळू. एकदा अशीच नळी दुरुस्त करून हात पुसत होते, तर वर्गातला एक जण कौतुकाने म्हणाला, "तू नसतीस तर मेकॅनिक बोलवावा लागला असता." सगळे हसले, मीही हसले. आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

थिअरीच्या सरांकडे त्या वर्षी एकच जागा होती. ती माझ्या मैत्रिणीची, हे सगळे धरूनच चालले होते. कँटीनमध्ये आम्ही फॉर्म भरत होतो. ती म्हणाली, "तू काय, लॅब घेशील ना?" साधा प्रश्न. मला मात्र त्यात मेकॅनिक ऐकू आला. मी हो म्हटलं आणि ती चहा आणायला उठल्यावर पहिल्या पसंतीत थिअरी लिहून टाकली.

जागा मार्कांवर मिळायची. माझे एकूण मार्क तिच्यापेक्षा तीनने जास्त निघाले, आणि ते तीनही प्रॅक्टिकलचे. पाना धरणाऱ्या हातांनीच मला थिअरीच्या खुर्चीत नेऊन बसवलं. ती आठवडाभर बोलली नाही. मग एक दिवस नेहमीसारखी शेजारी येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "आधी सांगायचंस ना यार." मला शरम वाटली, पण जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता. खोटं कशाला सांगू?

तो आनंद महिनाभरसुद्धा पुरला नाही. समीकरणं सुटत होती, सर बरं म्हणत होते, पण माझे हात दिवसभर रिकामे असायचे. तिकडे तिने लॅबमध्ये आधी दोन काचेच्या नळ्या फोडल्या, मग शिकली. लॅबच्या दारावरून जाताना पंपाचा आवाज आला की मी उगाच रेंगाळायचे. कालपर्यंत तिच्या डोक्याचा हेवा करत होते, आता तिच्या काळ्या पडलेल्या बोटांचा करायला लागले. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेल्या माणसाला दोन्हीकडून जळायची सोय असते.

एकदा तिच्या व्हॅक्यूम चेंबरचं झाकण बाहेरून बनून आलं ते गळकंच. ते घेऊन ती माझ्याकडे आली. "तुझे बाबा करून देतील का गं?"

शनिवारी मी तिला गाळ्यावर घेऊन गेले. बाबांनी तिचं ड्रॉइंग पाहिलं, पेन्सिलने एक रेघ सुधारली आणि तिला मशीनजवळ उभं केलं. घरी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस, पण तिला खाच किती खोल हवी, रबराची रिंग कशी बसते, सगळं समजावत होता. मी माझ्या जुन्या स्टुलावर बसून बघत होते. नवीन झाकण उतरलं, तसं ते तिच्यापुढे धरून बाबा म्हणाले, "नख फिरवून बघ."

तिने फिरवलं. एका जागी थांबली. "इथे अडतंय, काका."

बाबांनी स्वतः नख लावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून खुशीत म्हणाले, "पोरीला हात आहे." माझ्याबद्दल ते असं कधी म्हणाले होते का, हे मी आठवत राहिले. म्हणाले होते. मी नऊ वर्षांची असताना, याच स्टुलासमोर.

झाकण पुन्हा मशीनवर चढलं, नीट झालं, वर्तमानपत्रात गुंडाळून ती घेऊन गेली. बाबा शटर ओढताना म्हणाले, "तुझ्या कामात असं काही बनवून लागत नाही का?"

मी म्हटलं, अजून तरी नाही.

"लागलं तर सांग."

मी मान हलवली. माझ्या कामात साधा स्क्रूसुद्धा कधी लागणार नव्हता, आणि ते त्यांना सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही.