वार्निशचा एक हात राहिला होता

दिवसभर लोकांच्या दातांवरचे डाग काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कोऱ्या इंजिनांवर डाग पाडायचे. असला माणूस होता माझा नवरा.

आज डॉक्टरांना जाऊन वर्ष झालं.

(व्हय, मी पण त्यांना डॉक्टरच म्हणायचे. सगळं गाव म्हणायचं, मग मीच का वेगळी?)

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मधल्या खोलीत रेल्वे आहे. टेबलभर रूळ, वीतभर लांब इंजिनं, डबे, सिग्नल. भाचा जर्मनीहून पाठवायचा. खोका उघडला की इंजिन नुसतं झगमग करायचं.

आणि हे गृहस्थ ते खोलायचे. पुढचं नाक कापायचे, आपल्याकडचा भोंगा, आपल्याकडची जाळी बसवायचे, देवनागरीत नाव लिहायचे. मग त्यावर धूळ, गंज, काजळी, तेलाचे ओघळ.

याला म्हणे वेदरिंग म्हणतात.

मी म्हणायचे, "घाणच करायची तर सोसायटीतल्या पोरांकडं द्या. आनंदानं करतील."

"सुनंदा, घाण कुठंही पडत नसते. तिला कारण लागतं."

दातांच्या बाबतीत पण हेच. डाग बघून सांगायचे, हा कुठल्या गालात तंबाखू धरतो.

लोक बायकोला हॉटेलात नेतात. आमचे हे मला स्टेशनवर न्यायचे, उभं इंजिन दाखवायला!

"बघ, धूर इथून निघतो, म्हणून छत काळं. पाणी इथून ओघळतं, म्हणून गंज इथंच. आणि ती खिडकी बघ, खालचा रंग उडालाय. ड्रायव्हरचं कोपर."

मी बघितलं. खरंच तेवढ्याच जागी रंग नव्हता.

किती माणसांनी तिथं कोपर टेकून रात्री काढल्या असतील! त्या दिवशी मी पहिल्यांदा गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाय, ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

माती सुद्धा विकतची चालायची नाय. हर्सूल तलावाची वेगळी, चितेगावच्या रस्त्याची वेगळी. वस्त्रगाळ करायला माझं चक्क्याचं फडकं पळवलं. चिखलाचे शिंतोडे उडवायला जुना टूथब्रश.

एकदा इंजिनाला लिंबू-मिरची बांधायची होती. लिंबू म्हणून मोहरीचा दाणा घेतला. भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "छ्या, हे तर टरबूज झालं!"

मग खसखस.

खसखशीच्या एका दाण्याला पिवळा रंग देणारा माणूस मी या डोळ्यांनी बघितलाय.

हातात कायम ग्लोव्ह्ज. क्लिनिकमध्ये पण आणि इथं पण. कारण धुळीचा रंग म्हणजे नुसती पावडर, बोट लागलं की निघाली. सगळ्यात शेवटी वार्निशचा फवारा मारला की मग पक्की. तोवर घरात कुणी शिंकायचं पण नाय.

इतकी इंजिनं केली, पण एकावर कुठं त्यांच्या बोटाचा ठसा सापडायचा नाय.

आपल्या लाइनीवर वीज आली, डिझेल इंजिनं कमी दिसायला लागली. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, एक डिझेल जसंच्या तसं करून ठेवायचं. त्यात लई महिने गेले.

त्या संध्याकाळी मी मेथी निवडत होते. चहासाठी हाक मारली तर हे इंजिन घेऊनच बाहेर आले.

"झाली का घाण करून?"

"झाली. वार्निशचा एक हात राहिलाय. उद्या मारतो."

मी नीट बघितलं. खोटं वाटेल, पण मला डिझेलचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर उठलेच नाहीत. झोपेतच अटॅक आला.

इंजिन टेबलावर तसंच राहिलं. वार्निशशिवाय.

दहाव्याच्या दिवसाला आलेल्या एक मावशी "अगंबाई, किती धूळ बसली" म्हणत ओलं फडकं घेऊन निघाल्या होत्या. मी अशी ओरडले की बिचाऱ्या अजून फोन करत नाहीत.

त्या खोलीत मी वर्षभर पंखा लावला नाय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुद्धा.

वार्निश मारायची पण हिंमत नव्हती. फवारा जोरात बसला की सगळं वाहून जातं. ते बिघडलं असतं तर परत करणार कोण?

पण न मारून पण पावडर झडतच होती. रुळाशेजारी बारीक काळी रेघ दिसायला लागली. डॉक्टर थोडे थोडे निघून चालले होते आणि मी दारात उभी राहून बघत होते.

शेवटी आज इकबालभाईंना बोलावलं. डॉक्टरांचे जुने दोस्त, उर्दू शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना पण हाच नाद.

त्यांनी भिंग लावलं. चाकांपासून छतापर्यंत सगळं बघितलं.

मग हळूच म्हणाले, "भाभी, छत पे अंगूठा उठेला है. डॉक्टरसाब ऐसा कब्बी नै छोड़ते थे. ब्रश मारके मिटा दूं?"

मी बघितलं. छतावरच्या काजळीत डॉक्टरांचा अंगठा. रेषा न् रेषा दिसत होती.

चहासाठी ग्लोव्ह्ज काढले असतील आणि मला दाखवायच्या घाईत इंजिन तसंच उचललं असेल.

घाण कुठंही पडत नसते, तिला कारण लागतं. ह्या डागाचं कारण मी होते.

"इकबालभाई, ब्रश खाली ठेवा. आहे तसंच मारा."

त्यांनी ब्रश ठेवून वार्निशचा डबा हलवला. बिस्मिल्ला म्हणाले आणि लांबून हलका फवारा मारला.

वाळल्यावर मी त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बघितला.

काही निघालं नाय.

डॉक्टर, तुमचं उद्याचं काम झालंय. खोलीतला पंखा लावलाय.

आता निवांत राहा.