मँगॅनिक आम्ल आणि वैशाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावालाही नाही — आणि गोष्ट त्याच्याच बायकोची आहे.

मी रसायनशास्त्रात संशोधन करते. वैशाली, माझी भावजय, नागपूरची, बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन जयनगरच्या आमच्या घरी आली, तेव्हा जवळच्या शाळेत शिकवायची नोकरी तिला जवळजवळ मिळालीच होती. फक्त एक पाठ घेऊन दाखवायचा होता. सरावासाठी तिनं आम्हालाच समोर बसवलं.

ग्लासात परमँगॅनेटचं जांभळं पाणी. त्यात कॉस्टिक सोडा, मग चिमूटभर साखर. ती ढवळत राहिली आणि — कसं सांगू? — जांभळा रंग निळसर झाला, आणि त्यातून हिरवा वर आला. इतका हिरवा, की बाबा खुर्चीतून उठले.

"स्वल्प इकडे दाखव गं!" ते त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले; स्वल्प म्हणजे जरा.

"हे मँगॅनेट, बाबा. मँगॅनिक आम्लाचा क्षार," वैशाली म्हणाली. "आणि आधीचं जांभळं, ते परमँगॅनिक आम्लाचा. 'पर' म्हणजे एक पायरी वर."

अगदी बरोबर होतं. हे शब्द मी कितीदा लिहिले असतील! पण तो हिरवा? तो मी डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि बाबा तिच्याकडे पाहत होते — माझ्याकडे तसं कधी पाहिलं होतं त्यांनी?

मग ते माझ्याकडे वळले. "खरं का गं?"

"मँगॅनिक आम्ल असं काही नसतंच," मी म्हणाले.

खोटं कसं म्हणाल? ते आम्ल वेगळं काढून बाटलीत भरता येत नाही. तयार होताच मोडतं. पण त्याचे क्षार आहेत, म्हणून त्याला नाव आहे. कुणाच्या हाती न येणाऱ्या वस्तूला माणसांनी नाव दिलं, आणि त्या नावाचा रंग समोर ग्लासात होता — केवढी थोर गोष्ट! तीच मी तिच्याविरुद्ध वापरली.

बाबा हसले. भाऊही हसला. वैशालीनं ग्लास मोरीत ओतला. पाठ द्यायला ती गेलीच नाही. पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही.

मागच्या आठवड्यात भाजी निवडता निवडता तिनं सहज विचारलं, "ताई, तेव्हा माझं चुकलंच होतं ना?"

मी म्हणाले, "हो."