रामटेकेभाऊंची पेटी

ज्या दवाखान्यात रामटेकेभाऊंच्या आकृतीवरून बनवलेली, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवायची पेटी आहे, तिथल्या सिस्टरांनी कृपा करून आधी या लेखाचा शेवट वाचावा. मग वेळ मिळाला तर इथून सुरू करावं. बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल. लेख लिहिण्याची ही रीत नव्हे हे मला कळतं, पण गेले दहा-बारा दिवस मला धड झोप नाही आणि रीत पाळायचं अवसान उरलेलं नाही.

भाऊंना जाऊन आता चार आठवडे होतील. सोमवारी सकाळी मी ड्यूटीवर आले तर आमची आया गंगाबाई बाळांच्या खोलीच्या दारातच उभी होती. "सिस्टर, रामटेकेसाहेब गेले म्हनते. काल, घरीच. छातीत दुखलं अन्..." अशा वेळी म्हणे गेलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या डोळ्यांपुढे खोलीतल्या दोन लाकडी पेट्या उभ्या राहिल्या. एकीत सातव्या महिन्यात झालेलं बाळ होतं. आता ही बंद पडली तर कोणाला बोलवायचं, हा माझा पहिला विचार. रडू आलं ते दुपारी, जेवणाचा डबा उघडल्यावर. आधी भीती आणि मग माणूस, ही माझी जन्माची खोड आहे, आणि ती भाऊंना चांगली ठाऊक होती.

दिवाकर रामटेके आमच्या सदरमधल्या लहानशा दवाखान्यात विजेची आणि यंत्रांची कामं पाहत. त्याआधी ते सदरमध्येच एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला रेडिओचा मागचा पुठ्ठा काढला की आत एक आकृती चिकटवलेली असे, कोणती तार कुठून कुठे जाते त्याची. भाऊ कोणत्या कॉलेजात गेले नाहीत, त्या आकृत्यांवरच शिकले. पुढे कंपन्यांनी आकृती देणं हळूहळू बंद केलं, तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखे ते हळहळले होते. मग त्यांनी स्वतःच एक शिस्त लावून घेतली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवायचा. आधी काय होतं, काय बदललं, तारीख, सही. डॉक्टरांचा टेबलफॅनसुद्धा यातून सुटला नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "भाऊ, पंख्याची पत्रिका मांडता का?" तर म्हणाले, "मी काई अमर नाई, सिस्टर. मागून येनाऱ्याले समजलं पाहिजे."

ऐंशी साल उलटून गेल्यावर कुणा दात्यानं बाळांच्या खोलीसाठी देणगी दिली आणि परदेशी बनावटीची पेटी घ्यायचं ठरू लागलं. काचेची, पांढरीशुभ्र, पुढे हिरवे आकडे. कंपनीचे गृहस्थ सांगत होते की आत एक चिप आहे, तिच्यात प्रोग्राम भरलेला आहे, तापमान तीच राखते, तुम्ही काही करायचं नाही. भाऊंनी शांतपणे विचारलं, "तो प्रोग्राम लिहून देता का? अन् आतली आकृती?" गृहस्थ हसले. ते कंपनीचं गुपित आहे, पेटीला शिशाचं सील आहे, ते तुटलं तर गॅरंटी गेली. भाऊ म्हणाले, "मंग ही नको. साधे सुटे भाग घेऊन आपन बनवू. बाळ आपलं, गर्मी आपली, अन् आतून हुकूम कोनाचा चालते थेच मालूम नाई?" मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खोली माझ्या ताब्यात, म्हणून माझं मत हवं होतं. मी म्हटलं, कंपनीचीच घ्या. खरं कारण आज सांगते. काही बरंवाईट झालं तर बोट कंपनीकडे दाखवता येईल, माझ्याकडे कुणी पाहणार नाही, एवढाच माझा हिशेब होता.

बाहेर आल्यावर मी ओशाळून म्हटलं, "भाऊ, रागावले का?" ते म्हणाले, "नाई. पन 'हात लावू नका' अशी पाटी दिसली का मले माहा आजा आठवते." त्यांचं घर छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. आजोबांच्या गावात विहिरीवर दोर, बादली, पाणी सगळं असे, फक्त हात लावायचा नसे. कुणी वरून ओतेपर्यंत उन्हात ओंजळ धरून बसायचं. एवढं बोलून ते सायकल काढून गेले.

ती पेटी हिवाळाभर आणि पुढे होळीपर्यंत छान चालली. मग नागपूरचा मे महिना आला. एका दुपारी खोलीतला कूलर बंद पडला आणि थोड्याच वेळात पेटी ओरडू लागली. हिरवे आकडे गेले, दोन इंग्रजी अक्षरं आली आणि आतला पंखा थांबला. आत एका शाळामास्तरणीची सव्वा किलोची मुलगी. हवा फिरत नाही, काचेची पेटी, बाहेर भट्टी... तिची छाती भराभर वरखाली होताना मला दिसत होती. मुलीला बाहेर काढून गंगाबाईच्या हातात दिलं, खिडकीला ओली चादर लावली आणि मुंबईला ट्रंक कॉल लावला. कंपनीचं उत्तर आलं की माणूस बुधवारी येईल. तो दिवस शुक्रवार होता. इतकं इवलंसं लेकरू बुधवारपर्यंत उघड्यावर ठेवायचं म्हणजे काय, ते मी चांगलं जाणून होते.

भाऊ आले. त्यांनी पेटीचं माहितीपुस्तक शेवटून वाचायला घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. खोलीतली उष्णता अमुक अंशांच्या वर गेली की यंत्र आपल्यात बिघाड झाला असं समजतं आणि सगळं बंद करतं. एवढी गरम खोली जगात असेल हे बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. यंत्र ठणठणीत होतं, नागपूर त्याच्या हिशेबात नव्हतं. भाऊंनी पुन्हा मुंबईला विचारलं, हा आकडा बदलायचा कसा? उत्तर आलं, तो चिपमध्ये आहे, बदलता येत नाही, नवी चिप परदेशातून मागवावी लागेल. भाऊंनी फोन ठेवला, पेचकस काढला आणि सीलपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुमची खोली हाय. तोडू?" मी म्हटलं, "तोडा."

चिपला बाजूला ठेवून त्यांनी पंखा सरळ विजेवर लावला, हीटरला एक बटण जोडलं आणि थर्मामीटरकडे पाहत आम्ही कूलर दुरुस्त होईपर्यंत तीन दिवस पाळीपाळीनं ते बटण चालूबंद केलं. मुलगी वाचली. सील तुटल्याची चौकशी मात्र झाली. दवाखान्याच्या सेक्रेटरींनी विचारलं, कोणी तोडलं? भाऊ म्हणाले, "मी." कोणाच्या सांगण्यावरून? "माह्याच." मी तिथेच शेजारी उभी होते, आणि फरशीकडे पाहत होते. 'तोडा' हा माझा शब्द होता. तो मी गिळला. भाऊंना लेखी ताकीद मिळाली आणि बाळांच्या खोलीतल्या यंत्रांना हात लावायची मनाई झाली. त्यांनी त्यानंतर मला एका शब्दानं हिणवलं नाही. हिणवलं असतं तर बरं झालं असतं.

नवी चिप काही आली नाही. पुढच्या मे महिन्यात पेटी पुन्हा बंद पडली, तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः भाऊंना बोलवायला गेले. मग भाऊंनी आपली पेटी बनवली, पुढे तशीच दुसरी. प्लायवूड, काच, हीटर, छोटा पंखा, तापमान राखायला एक थर्मोस्टॅट आणि उष्णता फार वाढली तर हीटरची वीज तोडायला दुसरा. कोणत्याही विजेच्या दुकानात मिळेल असंच सामान. आकृती मराठीत, आणि मागेल त्याला फुकट. अट एकच, जे बदलाल ते कागदावर लिहा आणि कागद पुढच्याला द्या. काटोलहून, उमरेडहून, कुठून कुठून माणसं एस.टी.नं येऊन आकृती उतरवून नेऊ लागली, त्यांच्याकडून आणखी कुणी. मला धडकी भरायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. मी म्हटलं, "भाऊ, निदान यादी तरी ठेवा. एखाद्यानं चुकीची बनवली तर?" ते म्हणाले, "कोनाकोनाची यादी ठेवू? अन् चूक तं माहीबी असू शकते. उघडं असलं तं कोनाले तरी दिसन. तुमी काहून एवढ्या घाबरून राहिल्या?"

भाऊ गेल्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्यांच्या नावानं दवाखान्याच्या पत्त्यावर एक पत्र आलं. काटोलकडच्या एका दवाखान्यातल्या सिस्टरचं. मी ते फोडलं. तिनं लिहिलं होतं की त्यांची खोली पत्र्याची, कूलर नाही, परवा उष्णता वाढली आणि दुसऱ्या थर्मोस्टॅटनं हीटरची वीज तोडली, पण त्याबरोबर पंखाही थांबला. ती समोरच होती म्हणून झाकण उघडलं, बाळ सुखरूप आहे. 'साहेब, राग मानू नका, पण तुमच्या आकृतीत पंख्याची तार त्या थर्मोस्टॅटच्या पुढून घेतली आहे, म्हणून हीटरबरोबर पंख्याचीही वीज जाते. ती मागून, मेन स्विचकडून घ्यायला हवी. आम्ही बदल केला, कागदावर लिहिला, ही त्याची नक्कल.' मी ते पत्र उभ्यानं तीनदा वाचलं. पंखा थांबणं, बंद पेटी, गरम खोली... ज्या चुकीसाठी भाऊंनी सील तोडलं तीच चूक त्यांच्या हातून झाली होती. आमच्याकडे पुढे दोन कूलर आले, दुसऱ्या थर्मोस्टॅटवर वीज तोडायची वेळ कधी आलीच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

बोलवायला आता कोणी नव्हतं. हातात कधी पेचकस न धरलेली मी, आणि कमरेवर हात ठेवून पाहणारी गंगाबाई. रिकाम्या पेटीचा दुसरा थर्मोस्टॅट खाली फिरवला. हीटरचा दिवा गेला, पंखाही गेला. पत्र खरं होतं. मी प्लग काढला, चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. भाऊंचं गोल अक्षर समोर आलं आणि मी पेचकस परत खाली ठेवला. गंगाबाई म्हणाली, "बाई, लेकरू तं तुमी दहादा हातात धरता, थे तार काय खाते तुमाले?" तार बदलायला मला पाऊण तास लागला. मग बाळ त्या पेटीत हलवलं आणि दुसरी पेटी दुरुस्तीला घेतली.

पण बाकीच्या पेट्यांचं काय? आणि लोकांना कळवायचं म्हणजे गेलेल्या माणसाची चूक चव्हाट्यावर मांडायची, तीही महिनाभरात. त्या धास्तीनं मी हुडकेश्वरला भाऊंच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी शांताबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "नाव लोकाच्या लेकराहून मोठं हाय का, सिस्टर? त्यायनं तं कालच लिवून टाकलं असतं. तुमाले काहाचं भ्या?" भीती तर होतीच. मी परत आले आणि हे लिहायला बसले.

तर सिस्टरहो, पेटी कोणाकोणाकडे आहे मला ठाऊक नाही, म्हणून असं छापून सांगते. पेटीत बाळ नसताना दुसरा, म्हणजे उष्णता फार वाढली की हीटरची वीज तोडणारा थर्मोस्टॅट कमी आकड्याकडे, खाली फिरवा. हीटरचा लाल दिवा जाईल. आता आतल्या झरोक्याशी तळहात धरा. वारा लागत असेल तर तुमची पेटी बरोबर आहे, थर्मोस्टॅट परत होता तिथे फिरवा. वारा थांबला असेल तर बाळ तिच्यात ठेवू नका. प्लग काढा, आणि पंख्याची तार त्या थर्मोस्टॅटच्या पुढून सोडवून थेट मेन स्विचवर घ्या. जमत नसेल तर गावातल्या कोणत्याही रेडिओवाल्याला आकृती दाखवा, त्याला कळेल. पुन्हा तळहात धरून पाहा आणि थर्मोस्टॅट परत होता तिथे आणा. मग बदल कागदावर लिहा आणि ज्यानं तुमच्याकडून आकृती नेली त्याला आजच कळवा. आमच्या पेटीच्या कागदावर मी तसं लिहिलं आहे. 'रामटेके यांच्या आकृतीत चूक होती, काटोलकडच्या सिस्टरनं दाखवली, तार मी बदलली.' भाऊंच्या सहीखाली माझी पूर्ण नावाची सही आहे. अक्षर हललेलं आहे, पण वाचता येतं.