लॅपटॉपवर दिसलेला तिचा 'सा'

दोस्तांनो, कॉलेजपासून जिच्यावर माझा जीव, आज डिंगोऱ्यात तिच्या साखरपुड्याला साऊंड आमचाच होता. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी हेच काम करतो.

घरच्यांनी तिला बळजबरीनं उभं केलंय, असं मी धरूनच चाललो होतो. तिचा आवाज थरथरला, की तिथंच राडा करायचा, हे ठरलेलं.

पाहुण्यांनी गाण्याचा आग्रह केला. तिनं माईक घेतला आणि 'सा' लावला. लॅपटॉपवर त्याची लाट उमटत गेली. शेवटपर्यंत एकसारखी, कुठंच कमीजास्त नाही. मग तिनं नवऱ्या मुलाकडं बघितलं आणि हसली.

"लई स्वच्छ सूर हाय राव! रेकॉर्डिंग ठिवू का?" आमचे मालक म्हणाले.

मी 'सेव्ह' दाबलं.

ती सुखात आहे, हे डोळ्यांनी दिसलं. मग मला आनंद व्हायला पाहिजे ना?